छंद आणि फंद : नंदाखालची मरळ

दिवाळी अंकाच्या या सदराला दर वर्षी वाचकांची पत्रे येतात. त्यांत बहुधा आकाशकंदिलाच्या कामट्या, कुंडीतला गुलाब, नाही तर जुन्या नाण्यांची चौकशी असते. यंदा मात्र एका भगिनींनी लिहिले आहे, ‘आमचे हे दर रविवारी गळ घेऊन तळ्यावर जातात आणि संध्याकाळी उन्हाने लाल होऊन रिकाम्या हाताने परत येतात. येताना बाजारातून बांगडे आणतात. त्यांना चार शब्द सांगा.’

भगिनींनो, आधी एक कबुली देतो. दोन वर्षांपूर्वीपर्यंत मीही त्याच पंगतीतला होतो. आमच्या घरच्या बांगड्यांचा इतिहास आमची मंडळी अजून पाहुण्यांना ऐकवतात. मला शहाणपण आले ते दोन गुरूंमुळे. एक माझा भाचा आणि दुसरे नंदाखालचे एक वाडीवाले काका.

भाचा अमेरिकेत ओहायो प्रांतात राहतो. मागच्या वर्षी कंपनीच्या कामासाठी तो वर्षभर मुंबईत आला, तेव्हा अकरा वर्षांच्या मुलाबरोबर त्याने एक पेटीही आणली. औषधे असतील असे समजून मी ती उघडली. आत पाहतो तो रबरी बेडूक, रंगीत किडे, चकचकीत पत्र्याच्या चकत्या आणि निरनिराळे गळ, सारे कप्प्याकप्प्यांत मांडलेले!

“मामा, हे सगळं बाससाठी!” भाचा म्हणाला.

बास म्हणजे तिकडचा गोड्या पाण्यातला मासा. तोंड मोठे, स्वभाव तामसी. पाणवनस्पतींत दबा धरून बसायचे आणि समोरून बेडूक, किडा, मासोळी गेली की झडप घालायची, हा त्याचा धंदा. अमेरिकनांना या माशाचे मोठे वेड. जेम्स हेन्शॉल नावाच्या डॉक्टरने १८८१ साली त्याच्यावर एक जाडजूड ग्रंथच लिहिला. १९४९ साली निक क्रीम याने भाच्याच्याच ओहायोतल्या अॅक्रन गावी मऊ प्लॅस्टिकचे गांडूळ तयार केले, आणि तेव्हापासून खऱ्या गांडुळाचे महत्त्व थोडे कमी झाले. जॉर्जियातल्या जॉर्ज पेरी याने १९३२ साली धरलेला बास २२ पौंड ४ औंसांचा, म्हणजे सुमारे दहा किलोंचा होता. पुढे सत्त्याहत्तर वर्षे त्याची बरोबरी कोणाला करता आली नाही. २००९ साली ती झाली, तीही अमेरिकेत नव्हे, जपानच्या बिवा सरोवरात.

जपानात हा मासा मुळात नव्हताच. १९२५ साली तो हौसेने नेऊन सोडला, त्याने तिथल्या लहान माशांचा फडशा पाडला, आणि आज तो कायद्याने नकोसा ठरलेला पाहुणा आहे. आपल्याकडेही १९५२ साली तिलापिया आणला, त्याने तळ्यातळ्यांत बिऱ्हाड केले, ते अजून हलले नाही. तेव्हा बास इकडे आणण्याचा विचार कोणी स्वप्नातही करू नये. गरजही नाही. बासचे सारे गुण अंगी असलेली आपली देशी मरळ आहे. नाते म्हणाल तर काही नाही, पण खोडी त्याच.

मरळ म्हणजे सापासारखे डोके, लांबट गोल अंग आणि पाठीवर शेवाळी काळपट रंग. हैदराबादला मृगाच्या सुमारास दम्यावर औषध म्हणून जिवंत मासोळी गिळायला देतात, ती हिचीच पिल्ले. हिची मोठी गंमत म्हणजे हिला केवळ पाण्यातल्या हवेवर जगता येत नाही. थोड्या थोड्या वेळाने वर येऊन तोंडाने हवेचा घोट घ्यावाच लागतो. वर येऊ दिले नाही तर मासा असून ती पाण्यात गुदमरून मरेल! गळवाल्याचे निम्मे काम या एका सवयीने सोपे होते. कसे, ते पुढे सांगतो.

आता नंदाखालविषयी. विरारला उतरून अर्नाळ्याच्या रस्त्याला लागले की वाटेत हे गाव लागते. (रविवारी सकाळच्या उलट्या गाडीत काठी नेता येते. इतर दिवशी विरार लोकलमध्ये काठी काय, स्वतःचे दोन हात नेणेही अवघड.) केळी, नारळ, फुलझाडे, भाजीचे वाफे, चर्चची घंटा, आणि वाडीवाडीतून एकेक बावखल. बावखल म्हणजे वाडीच्या शिंपण्यासाठी वाडवडिलांनी खणलेले गोड्या पाण्याचे तळे. पूर्वी त्यावर रहाट असे आणि बैलाच्या फेऱ्यांबरोबर पाणी पाटाने केळीला जाई. पुढे रहाट गेले, पंप आले, घरात नळ आले. पावसाचे पाणी धरून ठेवायचे आणि आजूबाजूच्या विहिरी गोड राखायच्या, हे बावखलाचे काम मात्र चालूच राहिले.

आमच्या काकांच्या वाडीत असेच एक बावखल आहे. कडेला पाणकणीस, एका बाजूला जलपर्णी, मध्ये मोकळे पाणी. मागच्या श्रावणात भाचा, त्याचा मुलगा आणि मी असे तिघे पेटी घेऊन तिथे पोचलो. काका घरी नव्हते. त्यांच्या सूनबाईंनी चहा दिला आणि “बसा, येतीलच,” म्हणाल्या. पण भाच्याला धीर कुठला! काठाशी एका जागी पाण्यावर तांबूस ढग हलताना त्याला दिसला. त्याने रबरी बेडूक बरोबर त्या ढगावर टाकला. बेडूक पाण्याला लागतो न लागतो तोच असा तडाखा बसला की काठी कमानीसारखी वाकली. दोन मिनिटांत हातभर मरळ काठावर आली. मी टाळ्या वाजवल्या, हे कबूल करायला हवे.

इतक्यात मागून काका आले. ते मरळीकडे न पाहता पाण्याकडे पाहत राहिले. तो तांबूस ढग फुटून विखुरला होता. बारीक बारीक लाल पिल्ले दिशाहीन पळत होती, आणि कडेच्या तिलापियांची तिथे गर्दी सुरू झाली होती.

“बाळा,” काका मुलाला म्हणाले, “ही भुकेने नाही आली. पिल्लांवर काहीतरी पडलं म्हणून मारायला आली. आता इथे राखणीला एकच उरलं. लवकर सोडायला सांग बाबांना.”

भाचा शरमला. गळ काढताना त्याचे हात थरथरत होते. मरळ पाण्यात ठेवली तशी क्षणभर स्थिर राहिली आणि शेपटीचा फटकारा देऊन नाहीशी झाली. पाव तास आम्ही कोणी बोललो नाही. मग मुलगाच ओरडला, “आजोबा, ढग परत आला!” पहिल्यापेक्षा लहान होता, पण आला होता.

हा मासा पावसाळ्यात वीण घालतो. पाणवनस्पती बाजूला सारून घरटे करतो, आणि पिल्ले जाणती होईपर्यंत आईबाप त्यांची राखण करतात. म्हणून काकांच्या वाडीचा नियम असा, की आषाढापासून दसऱ्यापर्यंत बावखलात गळ पडायचा नाही. “दिवाळी झाली की या,” काका म्हणाले. “तोवर काठ्या नीट करा. तुमचा दोरा पाहूनच मासे हसतील.”

तेव्हा यजमानमहाशयांना पहिला धडा हाच. काठी कधी काढू नये हे आधी शिकावे. आता साहित्य घ्या.

काठी : सहासात फुटांची, बुंध्याला कणखर आणि टोकाला लवचीक. फार मऊ काठीने मरळ गवतातून बाहेर निघत नाही. चरखी मध्यम आकाराची असावी. ज्यांना खर्च नको त्यांनी दहा फुटांचा वाळलेला बांबू घ्यावा, त्याला तितकाच लांब तंगूस बांधावा, बाटलीचे बूच आणि एक लहान गळ लावावा. मुलांसाठी तर हेच उत्तम. गांडूळ लावले की तिलापिया हमखास लागतो, आणि तो कितीही धरला तरी बावखलाचे भलेच आहे.

दोरा : उघड्या पाण्यात तंगूस चालतो. जलपर्णीत मात्र तो ताणला जातो, त्यामुळे झटका गळापर्यंत पोचत नाही. तिथे दहाबारा किलो भार पेलणारा विणीचा दोरा घ्यावा. दोऱ्याची शेवटची हातभर लांबी दर खेपेला बोटांतून ओढून पाहावी. खरखरीत लागली तर तेवढा भाग कापून टाकावा.

गाठ : मासे सुटतात ते बहुधा गाठीतून. दोरा दुहेरी करून त्याचा फासा गळाच्या भोकातून ओवा. त्या दुहेरी दोऱ्याची एक साधी सैल गाठ मारा. आता पुढे उरलेल्या फाशातून अख्खा गळ पार करा, गाठ ओठांनी ओली करा आणि हळूहळू आवळा. कोरडी गाठ आवळली की दोरा घासून कमजोर होतो. ही गाठ घरी दिव्याखाली वीस वेळा मारावी, म्हणजे तळ्यावर अंधुक उजेडातही चुकत नाही.

गळ : मरळीचा जबडा हाडाचा, त्यामुळे बोथट गळ कामाचा नाही. टोक अंगठ्याच्या नखावर हलकेच टेकवून पाहावे. घसरले तर कानस लावा, रुतले तर ठीक. गळाचा उलटा काटा पकडीने दाबून सपाट करावा. दोरा ताणलेला ठेवला तर मासा सुटत नाही, आणि सोडायचा झाला तर त्याला इजा होत नाही. चुकून आपल्याच बोटात गळ गेला, तरी हा शहाणपणा आठवेल.

आमिष : जिवंत बेडूक लावण्याची जुनी पद्धत सोडून द्यावी. परदेशी जाणाऱ्या बेडकांच्या तंगड्यांवर सरकारने १९८७ साली बंदी घातली, ती बेडूक कमी होऊन शेतातले किडे वाढू लागले म्हणून. रबरी बेडूक तेच काम करतो आणि वर्षभर टिकतो. त्याचे गळ पाठीला चिकटून वर वळलेले असावेत, म्हणजे गवतात अडकत नाहीत.

साहित्य झाले. आता दिवाळीनंतरच्या त्या रविवारी काकांनी आम्हांला जे शिकवले ते क्रमाने सांगतो.

पहिले, ऐकणे. आम्ही काठ्या उघडायला लागलो, तशा त्यांनी त्या खाली ठेवायला लावल्या आणि आम्हांला माडाखाली बसवले. “नुसते ऐका.” पाचसात मिनिटे काही नाही. मग पाणकणसाच्या कडेला ‘चुळूक’ असा आवाज झाला आणि एक वर्तुळ उठले. थोड्या वेळाने तिथेच पुन्हा. मरळ हवा घ्यायला येते ती बहुधा आपल्या बसल्या जागेजवळच. बास शोधायला भाच्याकडे तिकडे विजेवर चालणारी यंत्रे आहेत. इथे मरळ स्वतःच पत्ता सांगते, ऐकणारा हवा.

दुसरे, पावले. माशाच्या दोन्ही कुशींवर एक बारीक रेघ असते, तिने त्याला पाण्यातले हादरे कळतात. काठावर धपधप चालले की मासा सावध झालाच. चपला हलक्या असाव्यात, गप्पा हळू चालल्या तर चालतात. आपली सावली पाण्यावर पडू देऊ नये, म्हणजे सूर्य समोर ठेवून उभे राहावे.

तिसरे, टाकणे. आवाज झाला त्या जागेवर बेडूक टाकू नये. तिच्या पलीकडे चार हात टाकावा, शेवटी पानावर पडला तर फारच छान. मग हळूहळू ओढत मोकळ्या पाण्याच्या कडेला आणावा आणि थांबावे. मनात चार आकडे मोजावेत. मग एक लहान झटका, पुन्हा थांबावे. नवशिक्याचे हात शिवशिवतात आणि तो बेडूक गाडीसारखा ओढत आणतो. खरा बेडूक असा प्रवास करीत नाही, हे मरळीला माहीत आहे. आणि काठी मागे नेण्यापूर्वी पाठीमागे कोण उभे आहे ते दर वेळी पाहावे. मुलांच्या डोक्यावर टोपी आणि डोळ्यांवर चष्मा हवा.

चौथे, वाट पाहणे. पाणी उसळले की लगेच काठी ओढू नये, कारण बेडूक तेव्हा ओठांत असतो. “एक, दोन” म्हणावे, हाताला वजन लागले की मग काठी ठामपणे वर घ्यावी. भाच्याने पहिले दोन तडाखे याच घाईने घालवले. तिसऱ्या वेळी काकांनी त्याच्या मनगटावर नुसते बोट ठेवले होते.

पाचवे, आणणे. मरळ लागली की गवतात शिरते. तिला तोंड फिरवू देऊ नये. काठी उंच, दोरा ताणलेला, आणि एका दमात उघड्या पाण्यात. तिथे आली की मग घाई नको.

सहावे, धरणे. बासला खालच्या ओठात अंगठा घालून उचलतात, त्याचे दात कानशीसारखे बारीक. मरळीचे दात टोकदार असतात. तिच्या तोंडात बोट घालणाऱ्याला काठी पुढे डाव्या हाताने धरावी लागेल. ओल्या फडक्याने किंवा ओल्या हाताने मानेमागे धरावी आणि गळ पकडीने काढावा. कोरड्या हाताने अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि सोडलेला मासा पुढे आजारी पडतो.

त्या दिवशी तीन मरळी आल्या. हाताच्या वितीहून लहान असलेली पहिली लगेच सोडली. तिसरीही सोडली. मधली, सुमारे दीड किलोची, सूनबाईंच्या हवाली केली. त्यांनी ती मीठ आणि चिंचेच्या कोळाने चोळून धुतली, म्हणजे चिखलाचा वास जातो, आणि नारळाच्या रसात शिजवली. मरळीत बारीक काटे कमी, त्यामुळे भाच्याच्या मुलाने तीन वेळा वाढून घेतले.

जेवताना एक गोष्ट निघाली, ती सांगितल्याशिवाय हा मजकूर पुरा व्हायचा नाही. काकांच्या मुलाचा विचार बावखल बुजवण्याचा होता. त्याचे म्हणणेही अगदीच चुकीचे नाही. शिंपणे आता थोडेच उरले आहे, जलपर्णी काढायला मजूर मिळत नाहीत, डास होतात, आणि भरणी केली तर जागेला आज चांगले मोल आहे. आजूबाजूची कितीतरी बावखले अशीच गेली. काकांनी वाद घातला नाही. एवढेच म्हणाले, “२०१८ च्या जुलैत नालासोपाऱ्याला रुळांवर पाणी चढलं, गाड्या उभ्या राहिल्या, तेव्हा आपल्या ओटीला पाणी लागलं का? मग ते कुठे गेलं?”

याच नंदाखालात फादर फ्रान्सिस दिब्रिटो जन्मले. २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून महाराष्ट्र त्यांना ओळखतो, पण वसईकरांना ते आठवतात ते हरित वसई संरक्षण समितीमुळे. २०२४ च्या जुलैत ते गेले. त्यांनी आयुष्यभर ज्या हिरवाईसाठी आवाज उठवला, तिचे पाणी अशा लहान लहान बावखलांतून मुरते. समुद्र इथून जवळ आहे. वरचे गोडे पाणी मुरायचे थांबले आणि खालचे उपसणे चालू राहिले, तर विहिरीत खारे पाणी यायला वेळ लागत नाही.

मुलगा ऐकत होता, काही बोलला नाही. मात्र दुपारी तो आमच्याबरोबर येऊन काठावर बसला. भाच्याच्या मुलाने त्याला विचारले, “दादा, ती लाल पिल्लं आता केवढी झाली असतील?” त्याने बोटाएवढे माप दाखवले. मग म्हणाला, “लहानपणी मीही मोजायचो.” बावखलाचा निर्णय अजून व्हायचा आहे. जलपर्णी काढायला मात्र तो गेल्या महिन्यात स्वतः उतरला होता, असे काकांचे पत्र आहे.

गळाची हौस काही साहेबांनी आणलेली नव्हे. चालुक्य राजा सोमेश्वर याने बाराव्या शतकात ‘मानसोल्लास’ रचला, त्यात ‘मत्स्यविनोद’ म्हणून याच खेळावर एक प्रकरण आहे. सुंदरलाल होरा या मत्स्यशास्त्रज्ञाने १९५१ साली ते अभ्यासकांपुढे मांडले. राजाने त्याला ‘विनोद’ म्हटले, हे लक्षात ठेवावे. तळे मालकाचे असेल तर आधी त्याची परवानगी घ्यावी. मुंबईकरांना पवईला महाराष्ट्र स्टेट अँगलिंग असोसिएशन आहे, तिथे रीतसर चौकशी करावी. तुटलेला दोरा काठावर टाकू नये, त्यात बगळे आणि खंड्या अडकतात. आणि लहान मुलांना काठापासून दोन हात मागे बसवावे, कारण बावखलाची कड उभी असते.

तेव्हा भगिनींनो, या दिवाळीनंतरच्या पहिल्या रविवारी यजमानांना अवश्य जाऊ द्या. बरोबर डबा द्या, टोपी द्या आणि शक्य तर मुलेही द्या. गेल्यावर पहिला पाव तास काठीला हात लावायचा नाही, एवढे त्यांच्याकडून कबूल करून घ्या. मरळ मिळेलच असे वचन मी देत नाही. पण तो पाव तास ते खरोखर ऐकत बसले, तर बांगडे आणण्याची वेळ पूर्वीपेक्षा कमी येईल, एवढे नक्की.